अर्ध्या बोटाचा बी सेव्हन

कावळा लगेच शिवला, अहो.

एवढा लगेच, की आपल्या सायलीनं पिंड ठेवून हात पुरता मागे घेतला नव्हता. गुरुजी पुढचं काहीतरी सांगायला तोंड उघडत होते, तेवढ्यात तो तलावाकाठच्या उंबरावरून उतरला, भात चोचीत घेतला आणि गेला. बायकांनी हात जोडले. तुमच्या वहिनी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, माझ्या पाठीवरून हात फिरवत बोलल्या, "भावजींनी नशीब काढला गो. कशान पन जीव गुतला नव्हता." सगळ्यांना हायसं वाटलं. पुरुष माणसं चपला शोधायला लागली. मला मात्र असा संताप आला की विचारू नका.

कारण मी तयारीनं आले होते. तुमच्या आतेभावाच्या दहाव्याला दुपार कलली तरी कावळा येईना, आठवतं? शेवटी त्याच्या मुलानं पुढं होऊन सांगितलं, "बाबा, होडी विकनार नाय," तेव्हा कुठं आला. म्हटलं, तुमच्या वेळी मलाच पुढं व्हावं लागणार. सकाळपासून वाक्य मनात घोळवत होते. 'मी अख्खा बी सेव्हन वाजवीन. तुमी निवांत जा.' गावाला काय कळणार होतं त्यातलं? पण मी बोलणार होते, अख्ख्या गावासमोर, लाज न बाळगता. आणि तुमचा तो कावळा ऐकायला पण थांबला नाही.

मग एवढे दिवस माझ्या मागं लागला होतात ते काय होतं? नुसती करमणूक? घरी आल्यावर सगळे पाणी-चहा करत होते आणि मी मोरीत तोंड धुता धुता तुमच्याशी भांडत होते. आता पण तेच करतेय. तेरावं झालं, मांडव निघाला, पाहुणे गेले, आणि आपलं भांडण अजून मिटलेलं नाही.

ते वाद्य, युकुलेले म्हणतात ती बारकी गिटार, मुळात सायलीचं. कॉलेजात असताना घेतलं, चार महिने टुणटुण केलं आणि नोकरीला बंगलोरला जाताना कपाटावर टाकून गेली. तुमी रबाळ्याच्या प्रेस शॉपमधून रिटायर झालात आणि घरात बसून माझा जीव खाल्लात. माझे डबे उंचीप्रमाणे लावले. मिठाच्या बरणीत साखर शोधायची वेळ आली माझ्यावर. पंखा पुसायला कपाटावर चढलात तेव्हा ते तुमच्या हाती लागलं. धूळ झटकून मांडीवर घेतलंत आणि बोललात, "ह्याला चार तारा हान, माझ्या डाव्या हाताला साडेचार बोटा हान. उलटा अर्धा उरतंय."

तुमच्या त्या अर्ध्या बोटाचं तुमाला कधी दुःख नव्हतं. अंगठ्याशेजारचं बोट, पॉवर प्रेसनं अर्ध्यावर घेतलेलं, तेव्हा आपलं नवीन लग्न झालं होतं. मी दवाखान्यात रडत होते आणि तुमी मला समजावत होतात, "अर्धा कंपनीत जमा हाय, रिटायर झालू का परत देतील." मतदानाला गेलो की शाई लावणारा माणूस तुमचा हात धरून बघतच राहायचा, नख कुठं आहे म्हणून. श्राद्धाला पितरांना पाणी सोडताना ओंजळीतून, अंगठा आणि त्या बोटाच्या मधून सोडायचं असतं, तर तुमचं पाणी भलतीकडेच जायचं, गुरुजींच्या धोतरावर. "आमचं पितर तिकडं बसलंय," असं तुमी बोलायचात आणि मला पदरात तोंड लपवून हसावं लागायचं. परवा सायली तुमाला पाणी सोडत होती तेव्हा तिचं ते लांबसडक बोट बघून मला पहिल्यांदा रडू फुटलं. त्याआधी नुसता राग होता.

शिकायचं म्हणजे तुमाला दुसरं काही नको होतं. सिनेमाची गाणी नको, आरत्या नको. तुमची आई मिठागरावर काम करताना गुणगुणायची ती चाल पाहिजे होती. शब्द ती पण विसरली होती, तुमाला तर कधी माहीतच नव्हते. नुसतं हंऽहं हंऽहं. मला ती चाल लग्न होऊन आले तेव्हापासून पाठ, कारण दाढी करताना तुमी तीच म्हणायचात. सायलीनं व्हिडिओ कॉलवर तुमाला गुणगुणायला लावून कॉर्ड शोधले, म्हणजे एकदम वाजवायचे सूर. ई मायनर, ए मायनर, आणि मग चाल वळून घरी यायच्या आधी एकच अवघड जागा, बी सेव्हन. तिथं एक बोट चारही तारांवर आडवं टाकायचं, दाराला अडसर घालतात तसं. बार कॉर्ड म्हणतात त्याला. दुसरं बोट एका तारेवर, दांडीवरच्या पुढच्या घरात. झालं.

झालं कसलं! तुमचं बोट तीन तारांपर्यंत पुरायचं आणि चौथीपाशी संपायचं. सगळ्यात वरची, छताकडची तार अर्धवट मोकळी. हात फिरवला की तीन तारा वाजायच्या आणि एक ठप्प. मधलं बोट आडवं टाकून बघितलंत, तर त्याच अपघातात त्याचं पेर वाकडं झालेलं, ते सरळ पडेचना. सायली बोलली, "बाबा, आपण सूर बदलू. दुसऱ्या पट्टीत घेतलं तर हा कॉर्ड येतच नाही, सगळं सोपं होतं." तिनं तिकडं मैत्रिणीचं वाद्य घेऊन वाजवून दाखवलं. छान वाजलं, मला तर फरकच कळला नाही. तुमी ऐकून घेतलंत आणि बोललात, "चांगला हाय. पन ही आपली आयस नाय. ही शेजारची बाई हाय." पोरीनं फोनवरच डोक्याला हात लावला.

मग कितीतरी संध्याकाळी गॅलरीतून तेच. टिंग टिंग टिंग ठप्प. खालून जाऊबाई ओरडायच्या, "भावजी, त्याला जरा तेल घाला." मी आत स्वयंपाकघरात दात खाऊन बसायचे. ठप्प झालं की तुमी थांबायचात, बोट झटकायचात, परत सुरू.

त्या दिवशी मी झोपाळ्यावर तुमच्या शेजारी लसूण सोलत बसले होते. पूजेला बायकोनं कुठल्या बाजूला बसायचं यावर दर गुरुजी वेगळं सांगतात, पण झोपाळ्यावर माझी बाजू ठरलेली, तुमची डावी. समोर ओहोटी लागली होती, तिवरांच्या पलीकडे चिखल उघडा पडलेला आणि त्यावर ती गुलाबी पाखरं इतक्या लांब की नुसता रंग दिसत होता. तुमी ठप्प केलंत. मी म्हटलं, "आता बास करा नाहीतर मी हे खाडीत टाकीन." तुमी माझ्याकडे बघितलंत. टाकीन म्हटल्यावर माणूस रागानं बघेल ना? तुमी माझ्या हाताकडे बघत होतात.

"कुंदे, बोट दे गो."

"काय?"

"बोट दे. ह्या तारंवर ठेव. दाब."

लसणाच्या बोटानं मी ती वरची तार दाबली. तुमी बाकीचं धरलंत आणि उजवा हात फिरवलात. आणि अहो, वाजलं. चारही तारा. मी बोट काढायला गेले तर बोललात, "थांब, थांब, हलू नको," आणि परत वाजवलंत. मग पुढचा ई मायनर घेतलात आणि तुमच्या आईची चाल पहिल्यांदा न ठेचकाळता घरी आली. झोपाळा आपसूक हलत होता. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला वाटलं, लसणाचं असेल.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. मी कुठंही असले, भाकरी थापत असले, टेरेसवर सोडे वाळत घालत असले, तरी हाक यायची. बोट दे गो. मी चरफडत यायचे, बोट ठेवायचे. कॉर्ड कधी येणार ते मला सुरांवरून कळायला लागलं. मला वाटतं झोपेतही कळलं असतं. खालून जाऊबाई विचारायच्या, "कुंदे, तू पन वाजवतंस काय गो?" आणि मी सांगायचे, "छे ओ, मी फक्त बोट देते."

पुतण्याच्या हळदीला काय केलंत आठवा. डीजे जेवायला बसला होता, मांडवात जरा शांतता झाली, तर तुमी ते घेऊन मधोमध खुर्ची मांडलीत आणि मला हाक मारलीत. अख्ख्या गावासमोर! मी हिरवा शालू नेसलेली, हातात ताटं, आणि तुमाला बोट पाहिजे. जासईहून माझ्या माहेरची माणसं आलेली, माझा भाऊ तर हसून हसून खाली बसला. मी खुर्चीला खुर्ची लावून बसले, मान खाली घालून बोट ठेवलं. पोरांनी मोबाईल काढले. कोणीतरी बोललं, "काका-काकी मिलून एकच कॉर्ड वाजवतान." मला लाजून मेल्यासारखं झालं होतं. आज सांगते, आवडलं पण होतं. तो व्हिडिओ सगळ्यांकडे आहे, मी अजून उघडलेला नाही.

मग तुमच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुमी आणि मी दोघांनी ऐकलं आणि परत येताना रिक्षात दोघंही गावातल्या नवीन गटाराबद्दल बोलत राहिलो. त्याच आठवड्यात तुमी सुरू केलंत.

"कुंदे, आता अख्खा तू वाजव."

"मना नाय जमाचा," मी तुमच्याच भाषेत चिडवलं.

"जमतंय. बोट हाय तुझा अख्खा. मना तो कॉर्ड एकदा तुझ्या हातचा आयकाचा हाय."

मी नाही म्हटलं. तुमी रोज विचारलंत आणि मी रोज नाही म्हटलं. बोट लहान आहे, कंबर दुखते, दूध उतू जाईल, सगळी कारणं देऊन झाली. एकदा तर तुमी भडकलात. "माझ्या मागं काय करशील? निस्ती भांडी घासत बसशील?" मी पण सोडलं नाही. "भांडी तुमी असताना पण मीच घासते." तुमी चहा न घेता उठलात, आणि तो चहा मी मुद्दाम तुमच्यासमोर मोरीत ओतला.

खरं कारण मी सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही. मला वाटायचं, मी शिकले की तुमी मोकळे. जोपर्यंत ती तार माझी आणि बाकीच्या तुमच्या आहेत, तोपर्यंत तुमाला जाता येणार नाही. तुमच्या आईचं गाणं असं अर्धवट टाकून कुठं जाणार तुमी? वडाला दोरा गुंडाळणारी बाई मी, मी हे बोट पण तसंच गुंडाळून ठेवलं होतं तुमच्याभोवती. वेडेपणा होता हे मला तेव्हाही कळत होतं. पण वेडेपणा आहे म्हणून बाई दोरा सोडते का?

तुमाला हे कळलं होतं का? मला विचारायचं राहिलं.

शेवटच्या दिवसांत तुमच्या हातात जोरच उरला नव्हता. बोटं तारांवर ठेवायचात, पण दाबली जायची नाहीत. मग मी माझा हात तुमच्या हातावर ठेवून वरून दाबायचे. बोटावर बोट. तुमी बोललात, "बोटाकडं बघू नको गो. समोर बघ. खाडीकडं बघ. हात आपोआप जातंय." बरं, म्हटलं, आजारी माणसाचं ऐकावं. मी समोर बघायचे. ऊन उतरलेलं असायचं, भरतीचं पाणी तिवरांत शिरताना दिसायचं, हायवेचा आवाज लांबून यायचा, कोणाच्या तरी घरात बोंबील भाजल्याचा वास. झोपाळ्याला मी पायानं रेटा द्यायचे. माझे डोळे मिटायचे. वाजतंय ते आपल्या घरात वाजतंय की मिठागरावर, आत्ता वाजतंय की मी लग्न होऊन यायच्या आधी, असं काही काही व्हायचं मला. तुमची आई मी फार पाहिली नाही, लवकर गेली. पण त्या संध्याकाळी मला ती पाठमोरी दिसायची. गुडघाभर पाण्यात, कासोटा घातलेला, हातात मीठ ओढायचं लांब फावडं. मी हाक मारणार तेवढ्यात कॉर्ड बदलायचा आणि ती जरा पुढं सरकायची.

अशीच एक संध्याकाळ. बी सेव्हन आला, वाजला, आणि तुमी पुढं जाईनात. परत तोच. परत तोच. मी अर्धवट झोपेत होते. तुमच्या अर्ध्या बोटानं माझ्या गुडघ्यावर ताल धरला होता, टक टक, टक टक, आणि उजवा हात त्याच कॉर्डवर फिरत होता. मी डोळे न उघडता म्हटलं, "पुढं चला की, अडकलात काय?" तुमी तसेच वाजवत राहिलात, कितीतरी वेळ. मला वाटलं, औषधांनी विसरायला लागले बिचारे, पुढचं आठवत नाही. डोळे उघडून बघितलं तर तुमी हसत होतात. एकटेच. मला आतून भरून आलं, मी काही विचारलं नाही. सायलीला पण सांगितलं नाही की बाबा आता चाल विसरले.

त्यानंतर वाद्य कपाटावर गेलं ते तिथंच राहिलं. तुमी गेलात ते भर दुपारी, झोपेत, मी शेजारी वर्तमानपत्रानं वारा घालत असताना. किती वेळ नुसत्या वाऱ्याला वारा घातला ते मला माहीत नाही.

आता दुपारी माझा डोळा लागला की तुमी झोपाळ्यावर दिसता. मांडीवर ते वाद्य. नुसतं माझ्या हाताकडे बघता. मी बोट पुढं करते. परवा सायलीनं मला उठवलं. माझं बोट हवेत उभं होतं म्हणे आणि मी झोपेत "दिलं, दिलं" म्हणत होते. पोर घाबरली. मी तिला म्हटलं, "तुझ्या बाबांना बोट देत होते," आणि मग आमी दोघी इतक्या हसलो की हसता हसता दोघींचं रडं कधी सुरू झालं ते कळलं नाही.

जाऊबाईंनी सांगून ठेवलंय, वर्षभर घरात वाजवणं-गाणं काही नको. रीतच आहे, हळदीला जायचं नाही, सण नाही. मी मान हलवली. मला कुठं वाजवायचं होतं? मी तर फक्त बोट देणारी.

काल सायली बॅग भरत होती. आज तिची गाडी. कपाटावरून तिनं ते काढलं आणि विचारलं, "आई, हे मी नेऊ का? तू काही वाजवणार नाहीस. इथे पडून तारा गंजतील."

"नायलॉनच्या तारा गंजत नाहीत," मी म्हटलं. "एवढं मला पण कळतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग राहू दे?"

"ने. तुझंच आहे." थोड्या वेळानं म्हटलं, "थांब, पुसून देते."

तिच्या समोर पुसवेना म्हणून गॅलरीत घेऊन गेले. माझ्या जागेवर बसले तर झोपाळा तिरका झाला. एकाच टोकाला वजन पडलं की तो तसाच होतो, तुमी कितीदा त्याच्या कड्या बदलल्यात. म्हणून सरकून मधे बसले. मधे म्हणजे अर्धी तुमच्या जागेवर. मांडीवर वाद्य घेतलं, पदरानं पुसलं. मागच्या बाजूला तुमच्या बनियनच्या घामाचा डाग आहे, तो पुसला नाही. आणि सवयीनं माझं बोट त्या वरच्या तारेवर गेलं. एकटं. उजव्या हातानं हळूच वाजवून बघितलं, अगदी बेसूर वाजलं. बाकीच्या तिन्ही तारा उघड्या, तुमची वाट बघत.

मनात आलं, आता जाणारच आहे तर एकदा. एकदा ठप्प करून बघू. कावळा नाही ऐकायला थांबला, निदान हे वाद्य तरी ऐकेल. बोट आडवं टाकलं, चारही तारांवर. मधलं त्याच्या घरात ठेवलं. आणि ठप्प ऐकायची तयारी करून हात फिरवला.

वाजला.

अख्खा वाजला, अहो. मला वाटलं, चुकून. परत वाजवला, परत वाजला. बोट दुखत नव्हतं, थरथरत नव्हतं. आपल्या जागेवर नीट जाऊन बसलं होतं, रोज बसत असल्यासारखं. मी हात वर करून उजेडात धरला. बोटाच्या टोकाला घट्टा आहे, तो मला माहीत होता, एक तार दाबून दाबून आलेला. पण त्याच्या खाली, बोटाच्या आतल्या अंगाला, ओळीनं आणखी तीन. बारीक, पण कडक. हे कधी आले? मी तर तुमच्या बोटावर बोट ठेवून दाबत होते. तुमची बोटं मधे असताना तारांचे घट्टे मला कसे येतील?

आणि मग मला माझ्या गुडघ्यावरचं ते टक टक आठवलं. अर्ध्या बोटाचं.

अर्धं बोट तुमच्या डाव्या हाताचं. ते माझ्या गुडघ्यावर ताल धरून बसलं होतं, मग तारांवर कोणाचं होतं?

लबाड माणसा! खाडीकडं बघ गो, बोटाकडं बघू नको. सायलीला सायकल अशीच शिकवली होतीत, मागून कॅरिअर सोडून दिलंत आणि ती पुढं जाऊन तुमच्याशी बोलत राहिली. किती संध्याकाळी तुमी हात असा हळूच काढून घेत होतात? मला कळलं कसं नाही? कदाचित हाताला कळलं असेल आणि त्यानं मला सांगितलं नसेल, त्याला पण तो दोरा सोडायचा नव्हता. आणि तुमी चाल विसरला नव्हतात. तुमी अडकला नव्हतात. तुमाला तो कॉर्ड माझ्या हातचा ऐकायचा होता, आणि तुमी पोटभर ऐकत बसला होतात, परत परत, आणि मी तुमाला पुढं चला म्हणत होते.

मग कावळ्यानं तरी कशाला थांबायचं होतं?

मी किती वेळ तोच एक कॉर्ड वाजवत होते कोण जाणे. समोर भरती आली होती, पाणी तिवरांच्या मुळाशी चढत होतं. रडत होते, हसत होते, तुमाला शिव्या घालत होते, सगळं एकदम चाललं होतं. दारात सायली उभी होती, हातात अर्धी घडी घातलेला ड्रेस. आणि खालून जाऊबाईंचा आवाज आला.

"कुंदे, कोन वाजवतंय गो वरती?"

उत्तर तोंडात तयार होतं, इतक्या वर्षांचं. मी फक्त बोट देते. जिभेवर आलं पण.

"मी वाजवतेय वहिनी," मी कठड्यावरून वाकून सांगितलं. "मीच. एकटी."

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार, वर्षभर पाळायचं सोडून ही बाई काय करतेय. मग भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि जाऊबाई बोलल्या, आवाज जरा घोगराच होता, "मंग थांबलीस कनाला? पुढं चल की."

मी पायानं झोपाळ्याला रेटा दिला आणि ई मायनर धरला.